केसाच्या टोकावरचे जग

खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातले कन्हान नदीकाठचे गाव. एके काळी विणकरांसाठी ओळखले जाणारे. आज भोवतालची कपाशी, संत्र्याच्या बागा आणि जवळची गुमगावची मँगनीज खाण ही त्याची ओळख. पोळ्याच्या सुमारास इथली पऱ्हाटी कमरेला लागते आणि वावरात पानामागची तपासणी सुरू होते. पान उलटले की तीनेक मिलिमीटर लांबीचे फिकट हिरवे तुडतुडे तिरपे चालत पळतात. पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसू लागले की फवारणीचा विचार करायचा, हे शेतकऱ्याला पाठ असते. पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळल्या, पुढे लाल झाल्या, की उशीर झाला.

या तपासणीत डोळा सगळे काम करतो. कान करत नाही, कारण ऐकायला काही आहे असे वाटतच नाही. पण त्या पानावर, त्या देठात, फांदीवर अळी असली तर तिच्या अंगावरच्या केसांत, आणि फुलाभोवतीच्या बोटभर हवेत अखंड देवाणघेवाण चाललेली असते. तिचा काही भाग थरथरीचा आहे, काही आवाजाचा आणि काही विजेचा. माणसाला यातले फार थोडे जाणवते. आवाजासाठी आपल्याला कान आहेत, विजेसाठी काहीच नाही. म्हणून आपण ध्वनी आणि वीज हे दोन वेगळे विषय करून टाकले. किड्याच्या शरीरावर मात्र दोन्ही बहुधा एकाच दारातून आत येतात. एखादा केस वाकतो, एखादी मिशी हलते, आणि मुळाशी असलेली चेतापेशी मेंदूला कळवते. हलवले कोणी, हवेच्या लाटेने की विद्युतभाराने, हा प्रश्न नंतरचा. या प्रकरणात खाप्याच्या शिवारातल्या ओळखीच्या किड्यांबरोबर आपण त्या दारापर्यंत जाणार आहोत.

पानातून जाणारा निरोप

तुडतुडा जोडीदार शोधतो तो थरथरीने. पोटाच्या बुडाशी त्याला एक लवचिक पडदा असतो. स्नायूंनी तो पडदा वेगाने आत-बाहेर होतो आणि ती थरथर पायांतून पानात, पानातून देठात, देठातून फांदीत उतरते. दुसऱ्या पानावरच्या मादीच्या पायांत, गुडघ्याखालच्या भागात, अतिशय नाजूक संवेदक असतात. तिला निरोप पोचतो आणि ती उत्तर देते. मग नर थोडे चालतो, थांबतो, पुन्हा साद घालतो, उत्तराची दिशा पाहतो आणि पुन्हा चालतो.

हवेतून साद का घालत नाही? कारण शरीर फार लहान आहे. खालच्या पट्टीतला आवाज हवेत दूर फेकायला मोठा पृष्ठभाग लागतो. तीन मिलिमीटरच्या किड्याने हवा ढकलली तरी ती जवळच्या जवळ विरून जाते. देठातून मात्र तीच ताकद झाडभर पोचते. म्हणूनच किड्यांच्या जगात हवेतून बोलणारे अल्पसंख्य आहेत. पृष्ठभागाच्या थरथरीचा वापर करणाऱ्या कीटकांच्या जाती जवळपास 2 लाख असाव्यात, असा 2005 साली मांडलेला अंदाज आहे.

हे जग उघडायला सुरुवात साध्या साधनांनी झाली. स्वीडनचे फ्रेय ऑसियानिल्सन काचेच्या नळीत गवताची काडी आणि किडे ठेवून नळी कानाशी धरत आणि ऐकलेले लिहून ठेवत. 1949 साली त्यांनी या ‘ढोलकी वाजवणाऱ्या’ किड्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे पानाला स्पर्श न करता त्याची थरथर मोजणारी लेसर उपकरणे आली आणि मोजमाप अचूक झाले.

भारतीय शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम 1980 सालचे आहे. के. एन. सक्सेना आणि एच. कुमार यांनी कपाशीवरचा हाच तुडतुडा आणि धानावरचा तपकिरी तुडतुडा घेतला. बाहेरून हवेतून आवाज सोडला, झाडाने तो उचलला, झाड थरथरले आणि नर-मादीचा संवाद तुटला. मीलन कमी झाले. विष नाही, वास नाही. फक्त त्यांच्या वाटेवर गोंगाट. या घटनेला चार दशके उलटून गेली आहेत आणि आपल्या कपाशीत तुडतुड्यांचा बंदोबस्त अजूनही मुख्यतः रसायनावरच उभा आहे. बीटी कपाशीने यात फरक पडत नाही, कारण बीटीचे प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे, रस शोषणाऱ्या किडींसाठी नाही. तुडतुड्यांना खरा अडथळा करते ती पानावरची लव. दाट केसाळ पानांच्या वाणांवर तुडतुडे कमी टिकतात, हे कपाशीचे पैदासकार फार पूर्वीपासून जाणतात.

परदेशात हा धागा पुढे नेला गेला. उत्तर इटलीतल्या द्राक्षबागांत तुडतुड्याचीच एक जात वेलींचा गंभीर रोग पसरवते. तिथल्या संशोधकांनी वेलींच्या आधाराच्या तारांना थरथर देणारी यंत्रे जोडली. तारेतून वेलीला, वेलीतून पानाला सतत खोटा संदेश जातो आणि नराला मादीचे उत्तर वेगळे काढता येत नाही. सान मिकेले आल्लादिजे इथे 2017 साली अशी पहिली मोठी बाग उभी राहिली.

संत्र्याच्या नवतीवरचे जोडगाणे

सावनेर, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याच्या बागाइतदाराला विचारा, सायला म्हणजे काय ते तो लगेच सांगेल. सिट्रस सायला हा तीन-चार मिलिमीटरचा, करड्या ठिपक्यांचा किडा. बसतो तेव्हा डोके खाली आणि मागचा भाग वर, पानाशी कोन करून. आंबिया बहाराच्या किंवा मृग बहाराच्या वेळी झाडाला कोवळी नवती फुटली की तिच्यावर तो अंडी घालतो. नुसता रस शोषून थांबला असता तर नुकसान मर्यादित राहिले असते. पण ज्या जीवाणूमुळे संत्र्याला ग्रीनिंग हा रोग होतो, त्याचा वाहक हाच किडा आहे. ग्रीनिंग झालेले झाड बरे करण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. म्हणून सायला रोखणे म्हणजे बाग वाचवणे.

2009 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात वेनिंगर, हॉल आणि मॅनकिन यांनी दाखवून दिले की सायलाचे नर-मादीही थरथरीने बोलतात. नर पंखांची गुणगुण करून फांदीवर साद घालतो. मादी तिकडे असेल तर जवळजवळ लगेच, सेकंदाच्या आसपास उत्तर देते. हे जोडगाणे चालू राहिले तरच नर तिच्यापर्यंत पोचतो. उत्तर थांबले की तो भरकटतो.

मॅनकिन यांच्या गटाने याचा उपयोग करून पाहिला. फांदीवर एक संवेदक लावला, जो नराची साद ओळखतो. त्याला जोडलेला छोटा बझर मादीच्या सुरात, मादीच्या वेळेत उत्तर देतो. नर त्या बझरकडे चालत येतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे खोटे उत्तर खऱ्या मादीच्या उत्तराच्या आधी पोचवले तर मीलन घटते असेही दिसले. यंत्र महाग नाही: एक सूक्ष्म नियंत्रक, एक संवेदक आणि एक बझर. अडचण एवढीच की एका झाडावरचे यंत्र दुसऱ्या झाडावर काम करत नाही, कारण थरथर खोडातून जाते, हवेतून नाही. हजार झाडांच्या बागेत ते परवडेल कसे, हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

रात्रीचे कान

हवेतला आवाज वापरणाऱ्यांत आपल्या कानाला परिचित ते रातकिडे. नर एका पुढच्या पंखावरची दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासतो. त्यांचे कान डोक्यावर नसतात. पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली असतात. थंडी वाढली की त्यांचा ठेका मंदावतो. 1897 साली अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉलबेअर यांनी रातकिड्यांच्या ठेक्यावरून तापमान काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले.

रातकिड्यांतल्या ईकॅन्थस हेनरी या झुडपावरच्या जातीने भारतीय संशोधकांना मोठे शोध दिले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन, त्यांच्यासह काम करणाऱ्या नताशा म्हात्रे, रिताब्रता देब आणि इतरांनी या किड्याचा बारकाईने अभ्यास केला. हा किडा पडीक जमिनीवर माजणाऱ्या रानतुळशीसारख्या झुडपांवर राहतो. छोट्या पंखाची अडचण अशी की पंखाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने निघणाऱ्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. काही नर यावर उपाय करतात. पानाच्या मधोमध भोक कुरतडतात, त्यात डोके आणि पुढचे पाय घालून पंख पानाच्या सपाटीशी जुळवतात आणि गातात. पान दोन्ही लाटांमधला पडदा बनते आणि आवाज दुपटी-तिपटीने वाढतो. 2017 साली या गटाने दाखवले की किडा भोकाचे आकारमान आणि जागा जवळजवळ सर्वोत्तम निवडतो. 2020 साली आणखी एक गोष्ट पुढे आली: हा उद्योग करतात ते मुख्यतः लहान चणीचे आणि हळू आवाजाचे नर. मोठ्या आवाजाच्या नरांना गरज नसते.

रात्रीच्या वावरात दुसरेही कान आहेत, आणि ते प्राण वाचवण्यासाठी आहेत. हिरव्या बोंडअळीचा पतंग ज्या कुळात मोडतो त्या कुळातल्या पतंगांना छातीच्या मागच्या भागात, पोटाच्या सांध्याजवळ, दोन कान असतात. प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी अवघ्या दोन. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर ते वटवाघळाचा कर्णातीत आवाज ओळखतात, जो माणसाच्या 20 हजार हर्ट्‌झच्या मर्यादेपलीकडचा आहे. केनेथ रोडर आणि अॅशर ट्रीट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या दोन पेशींचे काम उलगडले. एक पेशी अधिक संवेदनशील, ती दूरच्या वटवाघळाला प्रतिसाद देते. तेव्हा पतंग वळून उलट दिशेने निघतो. दुसरी पेशी आवाज खूप मोठा झाला, म्हणजे शिकारी जवळ आला, तरच जागी होते. तेव्हा पतंग नागमोडी झेपा घेतो किंवा पंख मिटून सरळ खाली पडतो. वटवाघळाला पतंग कळतो त्याच्या किती तरी आधी पतंगाला वटवाघूळ कळलेले असते. कन्हानच्या काठी तिन्हीसांजेला जी छोटी वटवाघळे घिरट्या घालतात, त्यांना हे युद्ध दररोज लढावे लागते.

या कर्णातीत जगात झाडेही सहभागी आहेत. 2023 साली इस्रायलच्या तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी नोंदवले की पाणी तुटलेली किंवा देठ कापलेली टोमॅटोची आणि तंबाखूची झाडे तासाला साधारण 30 ते 50 टिकटिकाट करतात. आवाज 40 ते 80 हजार हर्ट्‌झचा, म्हणजे आपल्याला न ऐकू येणारा, पण काही मीटरवरून नोंदवता येणारा. निरोगी झाड जवळपास गप्प असते. 2025 साली त्याच विद्यापीठातून पुढचे पाऊल पडले: कपाशी व भाजीपाल्यावर येणाऱ्या पाने खाणाऱ्या अळीच्या कुळातली मादी पतंग अंडी घालताना आवाज करणाऱ्या झाडापेक्षा शांत झाड पसंत करते. दुष्काळात आपण पानाची मान खाली पडलेली पाहतो. पतंगाला ती तहान आधीच ऐकू आलेली असते.

गुणगुणणारा दिवा

वीज आणि आवाज यांची पहिली ठळक गाठ डासाने घालून दिली. 1878 साली अमेरिकेत सॅराटोगा स्प्रिंग्ज इथल्या ग्रँड युनियन हॉटेलात विजेचे दिवे बसवण्याचे काम हायरम मॅक्सिम यांच्याकडे होते. यंत्रणेतून एक स्थिर सूर येत असे. त्या सुराकडे डास ओढले जात आणि ते सगळे नर होते. मादी डास तिकडे फिरकत नसे. मॅक्सिम यांच्या निरीक्षणाकडे त्या वेळी कोणी गांभीर्याने पाहिले नाही. 1901 साली त्यांनी ते लंडनच्या ‘द टाइम्स’ला पत्र लिहून पुन्हा मांडले.

कारण साधे आहे. नर डासाला मादीच्या पंखांचा सूर ओळखायचा असतो. त्याच्या पिसासारख्या मिशांचे केस हवेच्या हालचालीने थरथरतात आणि मिशीच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशी ती थरथर वाचतात. क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी 1855 साली या अवयवाचे वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नर डासात त्या पेशी सुमारे 15 हजार असतात, म्हणजे माणसाच्या एका कानातल्या केशपेशींएवढ्याच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात मादीचा सूर साधारण 400 हर्ट्‌झचा आणि नराचा 600 हर्ट्‌झचा. दोघे जवळ आले की दोघेही पंखांची गती अशी बदलतात की मादीच्या सुराची तिप्पट आणि नराच्या सुराची दुप्पट एका ठिकाणी, 1200 हर्ट्‌झला, जुळते. 2009 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने हे नोंदवले. आपल्या गावातल्या डीपीजवळ उभे राहिले की ऐकू येणारी गुणगुण याच कुळातली: 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यात रोहित्राचा लोखंडी गाभा प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला थोडा ताणला जातो, म्हणून सूर 100 हर्ट्‌झचा लागतो आणि त्याच्या पटीतले 200, 300, 400 हर्ट्‌झचे सूरही त्यात मिसळतात.

विजेच्या पेटीत शिरणाऱ्या मुंग्यांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत फायर अँट नावाच्या मुंग्या स्विच आणि रिले बंद पाडतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले की झटका बसलेली मुंगी धोक्याचे गंधद्रव्य सोडते आणि त्या वासाने इतर धावून येतात. त्यांनाही झटका बसतो, गर्दी वाढत जाते. म्हणजे गर्दी जमवते ती वीज नव्हे, वास. स्टार्टरच्या पेटीची भोके आणि वायरच्या वाटा बंद करणे हाच त्यावरचा नेमका उपाय.

मधमाशीचा भार

थंडीत नायलॉनचा शर्ट अंगावरून काढला की चटचट आवाज येतो आणि केस उभे राहतात. घर्षणाने भार जमतो, तो असा. मधमाशी उडते तेव्हा तिच्या अंगाला हवा आणि धूळ घासते आणि तिच्यावर सहसा धनभार जमतो. फुलाचे उलट आहे. देठ आणि मुळांमुळे ते जमिनीशी जोडलेले असते. निरभ्र दिवशी जमिनीजवळच्या हवेत दर मीटरला साधारण 100 व्होल्टचा विद्युतक्षेत्राचा ताण असतो आणि त्यामुळे फुलाच्या टोकाशी ऋणभार गोळा होतो. धनभारित मधमाशी जवळ आली की परागकण उडून तिच्या केसांना चिकटतो.

2013 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात डॉमिनिक क्लार्क, हीदर व्हिटनी, ग्रेगरी सटन आणि डॅनियल रॉबर्ट यांनी पुढचा प्रश्न विचारला: परागाला हे क्षेत्र कळते, पण मधमाशीला कळते का? त्यांनी बंबलबी या केसाळ माशा घेतल्या. आपल्याकडे त्या हिमालयात दिसतात, विदर्भात नाहीत. कृत्रिम फुलांपैकी काहींना 30 व्होल्ट जोडले व त्यात साखरपाणी ठेवले, बाकीच्यांत कडू द्रव. माशा भारित फूल ओळखायला शिकल्या. वीज बंद केल्यावर त्यांची निवड पुन्हा अंदाजावर आली. याच अभ्यासात खऱ्या पिटुनियाच्या देठातला विद्युतदाब माशी आल्यावर सुमारे 25 मिलिव्होल्टने वाढतो आणि शंभर सेकंदांच्या आसपास टिकतो असे दिसले. म्हणजे नुकतीच कोणी तरी येऊन गेली याची खूण फुलावर राहते. मकरंद आताच काढून नेला असेल तर दुसरीला तिथे उतरण्यात फायदा नाही. 2016 साली सटन यांच्याच गटाने दाखवले की हे क्षेत्र माशीच्या अंगावरचे बारीक केस ओळखतात: क्षेत्रात केस वाकतो आणि त्याच्या मुळाशी असलेली चेतापेशी पेटते.

आपल्याकडच्या शेतीशी याहून जवळचा शोध बर्लिनचा आहे. उवे ग्रेगर्स, रँडॉल्फ मेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली पाळीव मधमाशीच्या पोळ्यात नाचणाऱ्या माशीचे विद्युतक्षेत्र मोजले. पंख भारित आहेत, ते हलतात, म्हणून भोवतीचे क्षेत्रही नाचाच्या तालात हलते. शेजारच्या माशीची मिशी त्या क्षेत्राने वाकते आणि जॉन्स्टन अवयवच ते ओळखतो. कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या नाचाच्या भाषेचा मोठा वाटा होता. पण अंधाऱ्या पोळ्यात माशा नाच पाहत नाहीत, स्पर्श, हवेची झुळूक आणि थरथर यांतून ओळखतात, आणि आता वीजही त्यात धरावी लागते. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या सातेरी मधमाशीला हेच लागू पडते. उघड्यावर पोळे बांधणाऱ्या आग्या आणि फुलोरी माशांना मात्र प्रकाश असतो. फुलोरी माशांच्या पोळ्याला धोका वाटला तर एक कामकरी सूर काढते आणि पोळ्यातून एकत्र फुत्कार उठतो. आग्या माशांच्या पोळ्यावर अंगाच्या लाटा उठतात, त्या पाहून गांधीलमाशी दूर राहते.

2022 साली ब्रिस्टलच्याच गटाने उडणाऱ्या थव्यांखाली विद्युतक्षेत्र मोजले: माशांच्या घनतेप्रमाणे मीटरला 100 ते 1000 व्होल्ट. पावसाळी ढगांखाली हेच क्षेत्र हजारो व्होल्टवर जाते. वादळ येण्याआधी मधमाशा पोळ्याकडे परततात, ही जुनी ओळखीची गोष्ट. त्यामागे विद्युतक्षेत्राचा हातभार किती आणि प्रकाश-आर्द्रतेचा किती, याचे गणित अजून मांडायचे आहे.

एकच केस, दोन शास्त्रे

वर सांगितलेले सगळे तुकडे एका ठिकाणी येतात ते अळीच्या अंगावर. 1970च्या दशकात जर्मनीत यर्गन टाउट्झ आणि हुबर्ट मार्कल यांनी दाखवले होते की कोबीवरच्या अळीचे लांब केस गांधीलमाशीच्या पंखांची हवेतली थरथर पकडतात. धोका जवळ आला की अळी गोठते किंवा फांदीवरून खाली सुटते. 2024 साली सॅम इंग्लंड आणि डॅनियल रॉबर्ट यांनी याच प्रकारच्या केसांवर वेगळा प्रयोग केला. उडणारी गांधीलमाशी धनभारित असते. तिच्या पंखांच्या गतीने तिचे विद्युतक्षेत्रही थरथरते. अळ्यांजवळ तेवढेच क्षेत्र, माशी नसताना, लावले. अळ्यांनी अंग वळवले, चावण्याचा पवित्रा घेतला. माशीच्या पंखांच्या गतीला अळीचे केस जास्त प्रतिसाद देतात, असेही आढळले. म्हणजे एकाच केसाला पंखाचा आवाज ऐकू येतो आणि पंखाची वीजही, आणि दोन्हींची गती एकच असल्याने संदेशही एकच. 2025 साली झाडांवरच्या ट्रीहॉपर या किड्यांतही अशीच विद्युतसंवेदना नोंदली गेली. पाण्यातल्या काही मत्स्यांना विद्युतसंवेदना असते हे जुने ज्ञान होते. कोरड्या हवेत हे घडते, ही गेल्या दशकातली भर आहे.

माणसाची वीज, माणसाचा गोंगाट

आता आपली बाजू. बाजारात ‘डास पळवणारी’ कर्णातीत यंत्रे विकली जातात. 2007 साली कॉक्रेन या वैद्यकीय परीक्षण संस्थेसाठी शास्त्रज्ञांनी 10 क्षेत्रीय चाचण्या एकत्र तपासल्या. या यंत्रांनी डासांचा चावा कमी झाला, असा पुरावा एकाही चाचणीत नव्हता. कीटक पळवणारी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2001 साली दावे सिद्ध करा म्हणून पत्रे पाठवली होती. निळ्या प्रकाशाच्या झॅपरची गोष्टही अशीच. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या डेलावेअरच्या अभ्यासात मोजलेल्या 13,789 मेलेल्या कीटकांत चावणाऱ्या माश्या-डास फक्त 31 निघाले. बाकी बहुतेक निरुपद्रवी, कित्येक उपयोगी.

विद्युतवाहिन्यांबद्दलही बोलले पाहिजे. सावनेर तालुक्यातच खापरखेडा औष्णिक केंद्र आहे, 1340 मेगावॅटचे. तिथून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या शेतांवरून जातात. वाहिनीखालच्या 50 हर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्रात मधमाशांच्या शिकण्या-उडण्यात फरक पडतो, असे 2018 साली इंग्लंडमधल्या प्रयोगात दिसले, आणि 2023 साली चिलीत विद्युतमनोऱ्यांजवळ मधमाशांच्या फुलांवरच्या भेटी कमी नोंदल्या गेल्या. हे क्षेत्र चुंबकाचे आहे, फुलाच्या स्थिर भाराचे नव्हे. या दोन गोष्टी मिसळू नयेत. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि इथे, वाहिनीखालच्या संत्र्याच्या बागेत, तो तपासता येण्याजोगा आहे.

सर्वांत उपयोगाची गोष्ट फवारणीची. 2022 साली ब्रिस्टलच्या एलार्ड हंटिंग यांच्या गटाने दाखवले की फुलांवर खते आणि कीटकनाशक फवारल्यावर त्यांचे विद्युतक्षेत्र सुमारे 25 मिनिटांपर्यंत बदललेले राहते आणि बंबलबी त्या फुलांवर कमी उतरतात. विषाने मारण्याआधी फवारणी अशा प्रकारे फुलाचे निमंत्रणच रद्द करते. संत्र्याचा बहार फुलला असताना सकाळी मधमाशा कामात असतात. त्या वेळची फवारणी टाळणे आणि संध्याकाळी, त्या परतल्यावर, गरजेपुरतीच करणे यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे. लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्थाही नागपुरातच आहे. कपाशीवरच्या तुडतुड्याचा संवाद तोडता येतो हे 1980 साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले आणि सायलाचा सूर 2009 पासून जगापुढे आहे. हे दोन्ही किडे खाप्याच्या बांधावर आहेत, त्यांचे संशोधन करणाऱ्या संस्था तासाभराच्या अंतरावर आहेत, आणि सूर नोंदवायला लागणारे संवेदक आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही परवडतात. विदर्भातल्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांनी कपाशी-संत्र्यावरच्या किडींचे सूर नोंदवायला घ्यावेत. आणि शेतकऱ्यांनी तोपर्यंत दोन गोष्टी पाळाव्यात: सुराच्या नावावर विकले जाणारे यंत्र घेण्याआधी त्याच्या क्षेत्रीय चाचणीचा कागद मागावा, आणि बागेत फूल असताना सकाळचा पंप खाली ठेवावा.